पिकर्सगिलसाहेबांचा नकार

"शहर बघावं तर एकट्यानं आणि पायी! हातात नकाशा असला की माणूस नकाशाच बघत बसतो. आणि बरोबर माणूस असला की माणूसच बघत बसावं लागतं. आजवर मी कुठल्याही शहरात कुणाला रस्ता विचारलेला नाही!"

हे भाषण क्लेमंट पिकर्सगिलसाहेबांनी समोरच्या उकडलेल्या अंड्याला उद्देशून केलं. अंडं काही बोललं नाही. व्हिएन्नातल्या एका लहानशा हॉटेलात सकाळच्या न्याहारीची वेळ होती. पिकर्सगिलसाहेब इंग्लंडातल्या ज्या गावचे, तिथं ओळख नसलेल्या माणसाशी थेट बोलणं म्हणजे त्याच्या खिशात हात घालण्यासारखं समजतात. त्यामुळे बोलायची फारच हुक्की आली, तर अंडं, छत्री, फार तर कुत्रं.

"तुम्ही अंड्याशी बोलताय की माझ्याशी?" शेजारच्या टेबलावरून प्रश्न आला.

पिकर्सगिलसाहेबांच्या हातातला चमचा बशीत पडला.

"म्हणजे तसं विशिष्ट असं कुणाशी नाही... अर्थात, आपली हरकत नसेल तर..."

"माझ्याशी असेल तर उत्तर देते. मीसुद्धा एकटीच आहे. तिनेके हूकस्त्रा. हॉलंड. तीस वर्षं गुरांच्या डॉक्टरच्या हाताखाली काढली. रविवारी गावच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, बरा वाजवते. तुम्ही?"

पिकर्सगिलसाहेबांनी आपली माहिती दिली. ती बाहेर पडायला सहा-सात मिनिटं लागली, कारण प्रत्येक वाक्याआधी ते क्षमा मागत होते. थोडक्यात सांगायचं तर वय सहासष्ट आणि चौतीस वर्षं काउंटी कौन्सिलात पायवाटांचे निरीक्षक. एखाद्या शेतकऱ्यानं सार्वजनिक पायवाटेवर बैल बांधला की ते जायचे आणि त्या शेतकऱ्याला अतिशय नम्र पत्र लिहायचे. बैल तिथंच राहायचा. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"छान," हूकस्त्राबाई म्हणाल्या. "मग आज आपण दोघं एकटेएकटेच फिरू, पण बरोबर. मला कंटाळा आला की मी तसं सांगेन आणि निघून जाईन. परवा एका बेल्जियन गृहस्थांना अकराव्या मिनिटाला पुलावर ठेवून आले. चालेल?"

चालेल काय! गेल्या नऊ वर्षांत लोक पिकर्सगिलसाहेबांना कंटाळले नव्हते असं नाही. उलट पुष्कळच कंटाळले होते, पण ते सगळे इंग्रज. 'वा, किती छान वाटलं' म्हणत म्हणत ते कायमचे दिसेनासे झाले होते. ही बाई निदान आधी सूचना देणार होती! साहेबांनी टेबलाखाली हळूच घड्याळ पाहून ठेवलं आणि मनाशी ठरवलं की आज अकरा मिनिटांचा विक्रम मोडायचा. दुपारपर्यंत ही बाई आपल्याबरोबर चालत राहिली पाहिजे. आणि जमलं, तर... जमलं तर उद्याही. पण हा विचार इतका धाडसी होता, की तो त्यांनी मनातल्या मनातसुद्धा कुजबुजत केला.

ऑर्गन वाजवणाऱ्या बाईला खूश करायचं कसं? साहेबांकडे हुकमाचा एक्का होता. एका थोर संगीतकाराचं राहतं घर याच भागात कुठंतरी, एका जुन्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर, जसंच्या तसं जतन करून ठेवलंय असं त्यांनी वाचलं होतं. आत त्याचा पियानोही आहे. बाईंना अचानक त्या पियानोपुढे नेऊन उभं करायचं!

"आज मी तुम्हाला एक घर दाखवणार आहे," ते म्हणाले.

"कुणाचं?"

"तिथं गेल्यावर कळेलच. तीस वर्षं माझ्या मनात आहे ते घर."

बाईंनी त्यांच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "बरं."

निघाले. पिकर्सगिलसाहेब पुढे, नाक वर, जणू संगीतकाराचा वास येतोय. डावीकडे वळले, उजवीकडे वळले, एका सॉसेजच्या टपरीवरून पुढे गेले. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, आणि समोर सॉसेजची टपरी!

"इथं टपऱ्या फार एकसारख्या असतात," साहेब म्हणाले.

"मोहरीचा डागही त्याच जागी आहे," बाई म्हणाल्या.

तिसऱ्यांदा टपरी आली तेव्हा टपरीवाल्यानं चिमटा खाली ठेवला. व्हिएन्नाचा माणूस आनंद दाखवत नाही. त्यानं शोकसभेला आल्यासारखा चेहरा केला.

"या. नेहमीचंच देऊ?"

बाईंना हसू आलं. साहेबांनी घड्याळ पाहिलं. सत्तावीस मिनिटं! बेल्जियमचा विक्रम केव्हाच मोडला होता. पण आता घर सापडलं नाही तर काही खरं नव्हतं. कुणाला विचारायचं तर नाक कापलं जाणार. आणि तेवढ्यात, एका गल्लीच्या तोंडाशी, पिकर्सगिलसाहेबांना ते दृश्य दिसलं.

रांग!

एका जुन्या पाचमजली इमारतीच्या दारातून बाहेर आलेली, फुटपाथवर वळलेली, सरळ, शांत, सुंदर रांग! इंग्रज माणसाला रांग दिसली की त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. ती कशाची आहे हे विचारण्याची पद्धत नाही. इतकी माणसं उभी आहेत म्हणजे शेवटी काहीतरी चांगलंच असणार, ही त्यामागची श्रद्धा. बाई काही म्हणायच्या आत साहेब शेपटाला जाऊन उभे राहिलेसुद्धा, आणि उभे राहिल्याबरोबर त्यांच्या चेहऱ्यावर माहेरी आलेल्या मुलीसारखं समाधान पसरलं.

"हेच ते घर!" ते म्हणाले.

"खात्री आहे?"

"शंभर टक्के!"

"बरं," बाई म्हणाल्या. शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के, असं त्या ज्या गावच्या होत्या तिथं मानतात.

रांग जिन्यानं एकेक पायरी वर सरकू लागली. प्रत्येकाच्या हातात कागदांनी फुगलेली फाइल होती. दोघातिघांच्या हातात मोजपट्ट्या होत्या. "किती अभ्यासू लोक!" साहेब मनात म्हणाले. पुढच्या पायरीवर एक तरुण जोडपं होतं. मिर्याना नावाची मुलगी, तिला आठवा महिना. आणि तिचा नवरा वालेंटिन, तिच्या पाठीशी हात धरून असा उभा, की जणू तीच जिना आहे आणि तो कठडा. बाईंना जर्मन चांगलं येत होतं. त्यांनी मिर्यानाशी गप्पा सुरू केल्या आणि मधूनमधून त्या साहेबांना इंग्रजीत खबर देऊ लागल्या.

"ही म्हणते, हे त्यांचं चौतिसावं घर आहे."

"चौतिसावं!" पिकर्सगिलसाहेब थक्क झाले. त्या संगीतकारानं उभ्या आयुष्यात साठेक घरं बदलली होती, हे त्यांनी वाचलं होतं. त्यातली चौतीस या पोरीनं बघून काढली! आणि तीही या अवस्थेत! "केवढी ही निष्ठा! माझ्यातर्फे तिचं अभिनंदन करा."

बाईंनी अभिनंदन केलं. मिर्यानानं साहेबांकडे असं पाहिलं, की जणू तिला त्यांना जिन्यावरून ढकलून द्यायचं होतं आणि फक्त पोटामुळे वाकता येत नव्हतं.

"एकूण एकशे चाळीस जण आहेत. तुम्हाला आशा वाटते?" बाईंनी विचारलं.

"धीर धरायचा. ज्याला खरी ओढ आहे त्याला घर निराश करत नाही."

बाईंनी मान डोलावली. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते नंतर कळलं. आत्ता आपण साहेबांबरोबर चौथ्या मजल्यावर जाऊ.

घरात पाऊल टाकताच पिकर्सगिलसाहेब भारावले. दोन उंच खोल्या, लाकडी जमीन, आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातच अंघोळीची काचेची खोपटी! संडास घराबाहेर, जिन्याशेजारी!

"बघा!" ते कुजबुजले. "थोर माणूस चुलीशेजारी अंघोळ करायचा! अंगावर पाणी आणि डोक्यात सिंफनी!"

"कोण थोर माणूस?" बाईंनी विचारलं, पण साहेबांचं लक्ष नव्हतं. कारण आत रानटीपणाचा कळस चालला होता. एकजण भिंतीवर टकटक करून बघत होता. एकीनं चक्क नळ सोडला होता. एकानं बाहेर जाऊन संडासाची साखळी ओढली आणि परत येऊन "चालते!" अशी घोषणा केली. आणि वालेंटिन? तो खिडकीखाली जमिनीवर आडवा पडून, तिथं पाळणा मावेल का, हे मोजपट्टीनं मोजत होता.

"उठा! उठा आधी!" पिकर्सगिलसाहेब इतक्या जोरात ओरडले, की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं. "कशाला हात लावू नका! या घराची काही किंमत आहे की नाही तुम्हाला?"

वालेंटिन कपडे झटकत उठला. आणि दारात उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्या बाईंच्या भुवया वर गेल्या.

या घरमालकीण. नाव नुसबाउमर, पण त्यांना नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांचे यजमान सरकारात मोठे अधिकारी होते आणि त्यांना होफराट हा किताब मिळाला होता. यजमान तीस वर्षांपूर्वी गेले, किताब मात्र बाईंनी जाऊ दिला नाही. दूधवाल्यापासून महापौरापर्यंत सगळे त्यांना 'होफराटबाई' म्हणत. तरुणपणी दोन वर्षं ब्राइटनला एका दंतवैद्याची मुलं सांभाळल्यामुळे त्यांना इंग्रजी येत होतं.

पिकर्सगिलसाहेब आता आतल्या खोलीत पोचले होते. तिथं काळा, जुना, दात पिवळे पडलेला पियानो होता. साहेबांनी टोपी काढली, छातीशी धरली आणि डोळे मिटले. पापणीच्या कडेला एक थेंब जमा झाला.

"सकाळपासून नव्वद माणसं या खोलीत येऊन गेली," मागून होफराटबाईंचा आवाज आला. "प्रत्येकानं एकच विचारलं, हे धूड कधी हलवणार? टोपी काढणारे तुम्ही पहिले."

"हलवणार?" पिकर्सगिलसाहेब हादरले. "बाईसाहेब, हा हलवला तर घरात उरलं काय? नुसत्या भिंती!"

होफराटबाईंनी रुमाल काढला. पियानो त्यांच्या कैलासवासी बहिणीचा होता. तिनं चाळीस वर्षं त्याच्यावर मुलांना शिकवलं आणि चाळीस वर्षं शेजाऱ्यांचे शाप खाल्ले. त्या म्हणाल्या, "बसा. मला तुम्हाला काही प्रश्न विचारायचेत."

पाहुण्यांचे अभिप्राय! कौन्सिलात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाला याहून मोठं सुख नाही. साहेब खुर्चीत ताठ बसले.

"तुम्ही दोघंच?"

"दोघंच."

"घर कसं वाटलं?"

"इथून पाय निघत नाही. उरलेलं आयुष्य इथं आनंदानं काढेन!"

"धूम्रपान?"

"या भिंतींमध्ये? छे!"

"पाळीव प्राणी?"

"मला नाहीत. यांचा गायींशी संबंध होता, पण तो आता संपला."

"आपला हुद्दा?"

"निरीक्षक. म्हणजे इन्स्पेक्टर. आता निवृत्त."

इन्स्पेक्टर! व्हिएन्नात माणूस नंतर बघतात, आधी त्याच्या नावापुढचं बघतात. होफराटबाई उठून उभ्या राहिल्या. "इन्स्पेक्टरसाहेब!" त्या म्हणाल्या, आणि लोकरी जाकिटाच्या खिशातून त्यांनी तीन किल्ल्यांचा एक जुडगा काढून साहेबांच्या हातात ठेवला.

"अरे वा! आठवण म्हणून? सगळ्यांना देता?"

"सगळ्यांना? फक्त तुम्हाला!" आणि होफराटबाई जिन्यात जाऊन टाळ्या वाजवत जर्मनमध्ये काहीतरी ओरडल्या. त्यासरशी चौथ्या मजल्यापासून फुटपाथपर्यंत असा काही उसासा उमटला, की चारी मजल्यांना एकदम पोटदुखी झाल्यासारखं वाटावं.

"काय झालं यांना?" साहेबांनी विचारलं.

"अभिनंदन," हूकस्त्राबाई म्हणाल्या. "घर तुम्हाला मिळालं."

"कसलं घर?"

"हेच. भाड्यानं. त्यासाठीच तर एकशे चाळीस माणसं उभी होती."

पिकर्सगिलसाहेबांनी किल्ल्यांकडे पाहिलं. पियानोकडे पाहिलं. मग मोजपट्टीची घडी घालणाऱ्या वालेंटिनकडे पाहिलं, आणि त्यांच्या अंगातून सगळं रक्त बुटात उतरलं.

"म्हणजे हे... हे संगीतकाराचं घर..."

"कुठला संगीतकार?" हूकस्त्राबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात, तीस वर्षं मनात असलेलं घर दाखवतो. मला वाटलं तुम्हाला व्हिएन्नात राहायला यायचंय. सुट्टीच्या दिवशीसुद्धा हा माणूस वेळ फुकट घालवत नाही, म्हणून कौतुकही वाटलं. मग तुम्ही 'दोघंच' म्हणालात, तेव्हा मात्र मी म्हटलं, हे जरा लवकर होतंय. बाहेर पडल्यावर तसं सांगणार होते."

पिकर्सगिलसाहेब कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाले.

"बाई, देवाशपथ, माझ्या मनात तसं काही... म्हणजे नव्हतंच असं म्हणणं तुमचा अपमान होईल, पण असंही..."

"ते राहू दे. आधी किल्ल्या परत करा. घर नको म्हणून सांगा."

"मी?"

"मग काय गायींनी सांगायचं?"

बाहेर जिन्याच्या पायरीवर मिर्याना बसली होती. दोन्ही हात पोटावर ठेवून ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. साहेब दिसताच ती कशीबशी मोडक्या इंग्रजीत म्हणाली, "या घरात तुम्हाला निरोगी आयुष्य लाभो, इन्स्पेक्टरसाहेब." आजवर कुणाही माणसाला निरोगी आयुष्याची इतकी भीती वाटली नसेल.

पिकर्सगिलसाहेब किल्ल्या परत करायला आत गेले. दोन मिनिटांनी बाहेर आले. हातात किल्ल्या होत्याच, शिवाय जर्दाळूच्या मुरंब्याची बरणी!

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"मी म्हटलं, हा मान फार मोठा आहे, आमची तेवढी लायकी नाही. त्या म्हणाल्या, ही नम्रताच हल्ली बघायला मिळत नाही."

"पुन्हा जा."

पुन्हा गेले. या वेळी किल्ल्या, बरणी आणि वर होफराटबाईंच्या आईनं विणलेला टेबलावरचा रुमाल घेऊन परतले.

"मी म्हटलं, तुमची काही गैरसोय होणार नसेल तर आम्हाला कदाचित थोडा फेरविचार... त्या म्हणाल्या, गैरसोय कसली, आजच बिछाना टाका!"

"आपण नवराबायको नाही, हे सांगितलंत?"

"सांगितलं! त्यांनी डोळा मारला! म्हणाल्या, माझ्या बहिणीकडेही एक क्लॅरिनेटवाला वीस वर्षं येत होता. भिंती जाड आहेत."

हूकस्त्राबाईंनी सुस्कारा सोडला. "पिकर्सगिल, तुम्हाला 'नाही' म्हणता येत नाही."

"येतं की! माझ्या पद्धतीनं."

"तुमच्या पद्धतीनं म्हणूनच तर बैल चौतीस वर्षं पायवाटेवर बसून होते. माझ्याकडे बघा. म्हणा, नाही!"

"तसं पाहिलं तर मला नाही असं म्हणावंसं..."

"नाही!"

"न... नक्कीच विचार करण्यासारखं..."

"हे बघा," बाईंनी आवाज खाली आणला. "त्या पोरीला घर मिळालं नाही ना, तर मी याच मिनिटाला इथून निघून जाईन. आणि जिथं असेन तिथं कायम सांगत राहीन, की पिकर्सगिल नावाच्या माणसानं केवळ लाजून एका बाळाचं घर खाल्लं."

ही धमकी वर्मी लागली. बाळाचं घर एकीकडे, आणि बाई निघून जाणार हे दुसरीकडे! साहेबांच्या कपाळावर घाम आला. एव्हाना जिन्यातल्या मंडळींना प्रकार कळला होता. निकाल लागूनही कुणी हललं नव्हतं. फुकट तमाशा अर्धवट सोडून जाणारा माणूस व्हिएन्नात अजून जन्माला यायचाय. ट्रामचालकाच्या गणवेशातला एक धिप्पाड गृहस्थ पुढे झाला आणि प्रवाशांकडून शिकलेल्या इंग्रजीत म्हणाला,

"आजोबा, घशातून नको, पोटातून येऊ द्या! हात इथं ठेवा, बेंबीवर. नाही!"

"नाही," साहेब पुटपुटले.

"ही काय विनंती आहे? तुमच्या पायावरून ट्राम चाललीय असं समजा!"

"नाही."

"अजून!" तिसऱ्या मजल्यावरून आवाज आला. "आम्हाला ऐकू आलं नाही!"

"आणि एकदा म्हणून थांबायचं नाही," हूकस्त्राबाईंनी बजावलं. "लगोलग तीनदा म्हणायचं. समोरच्याला मधे बोलायला जागाच द्यायची नाही."

सगळा जिना आता एका सुरात शिकवू लागला. वालेंटिन टाळ्या वाजवून ताल देत होता. आणि अखेर पिकर्सगिलसाहेबांच्या बेंबीच्या देठापासून, सहासष्ट वर्षं आत कोंडलेला, एक 'नाही!' असा काही बाहेर पडला की दुसऱ्या मजल्यावर मघापासून भुंकणारा कुत्राही थांबला. जिन्यात टाळ्या झाल्या!

"आता थंड व्हायच्या आत आत जा!" बाईंनी त्यांना पाठीवर हात ठेवून ढकललं.

पिकर्सगिलसाहेब सुटले. गोळी बंदुकीतून सुटावी तसे सुटले!

आता आत काय झालं होतं तेही सांगायला हवं. हा वर्ग भरलेला असताना मिर्याना पाणी प्यायला आत गेली होती. होफराटबाईंनी तिला खुर्ची दिली, पेला दिला, पोटाकडे पाहिलं आणि तारीख विचारली. मग चौतीस घरांची कहाणी ऐकली. म्हातारीला वाटलं, घर हिलाच द्यावं. पण दिलेला शब्द मोडायचा कसा? तोही एका इन्स्पेक्टरला? डोळे पुसत त्या दाराकडे निघाल्या, तोच समोरून साहेब आले.

"बरं झालं आलात, इन्स्पेक्टरसाहेब!" होफराटबाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले. "एक मागू का? तुम्ही एवढ्या मोठ्या मनाचे. या लेकरासाठी, हिच्या बाळासाठी, हे घर तुम्ही सोडाल का हो?"

"नाही!!" पिकर्सगिलसाहेब गरजले.

होफराटबाई दोन पावलं मागे सरकल्या. साहेबांना शिकवलेलं सगळं लक्षात होतं. थांबायचं नाही! मधे बोलायला जागा द्यायची नाही!

"नाही! नाही! एकदा सांगितलं ना, त्रिवार नाही!"

घरात आणि जिन्यात अशी शांतता पसरली, की संडासातल्या टाकीत पाणी भरल्याचा आवाज आला.

मग साहेबांना होफराटबाईंचा प्रश्न ऐकू आला. म्हणजे कानाला तो आधीच ऐकू आला होता, डोक्यात आत्ता पोचला.

"म्हणजे हो!" ते म्हणाले. "म्हणजे माझं नाही म्हणजे... मी नाही म्हणालो ते अशासाठी, की आपण जे विचारलंत ते मला आधी ठाऊक असतं, तर..."

"पियानोपुढे टोपी काढता," होफराटबाई थंडपणे म्हणाल्या, "आणि पोटुशा बाईपुढे हे? किल्ल्या!"

किल्ल्या दिल्या.

"रुमाल!"

रुमाल दिला.

"मुरंबा!"

मुरंब्याची बरणीही दिली. होफराटबाईंनी तिन्ही वस्तू मिर्यानाच्या मांडीवर ठेवल्या आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला. वालेंटिन रडायला लागला. ट्रामचालकही रडायला लागला. आणि पिकर्सगिलसाहेब जिना उतरायला लागले.

पूर्ण चार मजले! शिकवणी आपलीच होती हे विसरून सगळ्या जिन्यानं त्यांची हुर्यो केली. या शहरातल्या लोकांची हुर्यो साधीसुधी नसते. ती ऑपेराच्या सर्वांत वरच्या स्वस्त गॅलरीत, बापापासून मुलापर्यंत, रियाज करून कमावलेली असते. प्रत्येक मजल्यावर सूर बदलला, पण ताल सुटला नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या कुत्र्यानंही साथ दिली. दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत साहेबांनी मनाशी शपथ घेतली की या तोंडातून आयुष्यात पुन्हा 'नाही' हा शब्द काढणार नाही. मेलो तरी नाही.

फुटपाथवर दिव्याच्या खांबाला धरून हूकस्त्राबाई हसत होत्या. इतक्या हसत होत्या की त्यांना उभं राहता येत नव्हतं. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मधूनमधून त्या फक्त 'त्रिवार!' एवढंच म्हणत होत्या.

"घर मिळालं त्यांना!" अखेर त्या म्हणाल्या. "कसं का होईना, मिळवून दिलंत! मला गेल्या कित्येक वर्षांत इतकी मजा आली नव्हती."

पिकर्सगिलसाहेबांनी या वाक्यावर हळूच कान टवकारले.

"उद्या मी द्राक्षमळ्यांमधून डोंगरावर चालत जाणार आहे," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "दिवसभराची चाल आहे. तुम्हीही या. म्हणजे, मी दिवसभर तुमच्याबरोबर राहिले तर तुमची काही हरकत आहे का?"

पिकर्सगिलसाहेबांचं काळीज सुपाएवढं झालं. सकाळी मनातसुद्धा कुजबुजत केलेली इच्छा आता बाई स्वतःच्या तोंडानं बोलून दाखवत होत्या! आता काय वाट्टेल ते होवो, पण तो शब्द नाही! तो अवलक्षणी शब्द नाही!

"हो!" ते ओरडले. "हो! त्रिवार हो!"

हूकस्त्राबाईंचं हसू थांबलं. त्यांनी साहेबांकडे नीट पाहिलं.

"हरकत आहे," त्या म्हणाल्या. "बरं. स्पष्ट सांगितलंत ते आवडलं." त्यांनी साहेबांचा हात हातात घेऊन एकदा खाली-वर केला, छत्री बगलेत मारली आणि गल्लीच्या टोकाकडे चालू लागल्या.

साहेबांना उमगायला सात पावलं लागली. म्हणजे बाईंची सात पावलं. मग ते धावले.

"हूकस्त्राबाई! थांबा! मला तसं म्हणायचं नव्हतं, म्हणजे जे म्हणायचं होतं ते मी म्हणालोच, पण आपण ज्या अर्थी ते विचारलंत, त्या अर्थी माझं उत्तर, आपली काही गैरसोय होणार नसेल तर..."

बाई थांबल्या. वळल्या. "पिकर्सगिल, एका शब्दात. येताय की नाही?"

पिकर्सगिलसाहेबांनी तोंड उघडलं. एका शब्दात उत्तर द्यायला माणसाजवळ असतात ते दोनच शब्द. त्यांनी ते दोन्ही आजच्या एका दिवसात वापरून पाहिले होते आणि दोन्ही वेळा घात झाला होता. तिसरा शब्द त्यांना कुणी शिकवला नव्हता. त्यांनी तोंड मिटलं आणि अगदी मनापासून, जीव ओतून, नुसती मान हलवली.

ती उभी हलवली की आडवी, हे मात्र त्यांना आजतागायत नक्की सांगता येत नाही.